आमच्या साडूंचे कंद

रिकाम्या मातीकडे बघून हसणारा माणूस उभ्या खानदेशात एकच, आणि तो आमच्या नशिबी साडू म्हणून आला. फुलाकडे बघून कुणीही हसेल. आमचे थोरले साडू धुळ्याच्या आपल्या अंगणात उकिडवे बसून भेगाळलेल्या वाफ्याकडे बघत स्वतःशीच हसतात, कारण खाली कंद झोपलेले असतात. एकदा फाल्गुनातल्या उन्हात मी एरंडोलहून पोचलो आणि सवयीने फाटकातूनच हाक मारली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू! भुईचाफा झोपेल शे." मग चहासुद्धा आम्ही कुजबुजतच प्यालो.

ते एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, पण गाड्या सोडायची सवय सुटली नाही. थंडीत ग्लॅडिओलस आणि डेलिया, उन्हं तापली की लिली, तिच्या मागोमाग भुईचाफा, पावसाळ्यात कळलावी आणि सोनटक्का. एक निघाली की दुसरी फलाटावर हजर पाहिजे. उशीर झाला की वाफ्यापाशी येरझाऱ्या सुरू. "डेलिया लेट शे," हे त्यांनी एकदा इतक्या गंभीरपणे सांगितलं, की ओसरीवर टेकलेल्या पाहुण्याने पिशवी उचलून विचारलं, "मंग दुसरी कव्हय शे?" फुलून गेलेले कंद ते उपटत, सावलीत वाळवत, राखेत घोळवत आणि रंगवार कापडी पिशव्यांत भरून खुंटीला टांगत. त्या पिशव्यांखालून जातानाही ते जरा वाकून जात, म्हणजे धक्का नको.

हा खटाटोप कुणासाठी, हे आम्हाला फार उशिरा कळलं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. काचबिंदूने तिची नजर हळूहळू चालली होती. आधी सुईत दोरा जाईना, मग ती माणसं आवाजावरून ओळखू लागली. भडक रंग तेवढा दिसायचा, त्यातही लाल. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा. साडूंनी ओसरीवर तिची खुर्ची मांडली आणि समोरच्या वाफ्यात बारा महिने रंग ठेवायचाच, असा ध्यास घेतला. तिच्या साक्रीकडच्या माहेरच्या रानातून कळलावी आणली. आयुष्यभराचा लाडका निशिगंध परसात हलवला. "वास तिले कोठूनबी येस," ते म्हणाले. "रंग समोरच पाहिजे."

गेल्या हिवाळ्यात आम्ही धुळ्याला असताना शेतावर भरीत पार्टी ठरली. वांगी आणि कांद्याची पात न्यायला पिशव्या पुरेनात. माझी बायको म्हणजे कामाला वाघीण. तिने खुंटीवरच्या दोन पिशव्या काढल्या आणि लाल लिलीचे, पांढऱ्या लिलीचे कंद एकाच टोपलीत ओतून मोकळी झाली. भरीत झकास झालं. संध्याकाळी टोपली बघितली आणि साडू तिच्यापाशीच उकिडवे बसले. कंद बाहेरून सगळे सारखे! त्यांनी एकेक हातात घेतला, वास घेतला, कानाशीही धरला. शेवटी अंदाजाने लाल ठरवलेले खुर्चीसमोर लावले आणि उरलेले मागे नळापाशी. तेव्हापासून माझ्या बायकोला घास गोड लागेना.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गेलो, आणि नेमक्या त्याच सकाळी कळ्या उमलल्या. खुर्चीसमोरचा अख्खा वाफा पांढराशुभ्र. लाल सगळ्या मागे, नळापाशी. साडू अपराध्यासारखे उभे होते. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात भिंत चाचपत अक्का बाहेर आली, खुर्चीत बसली आणि वाफ्याकडे तोंड करून कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"यंदा बठ्ठा फुलं कशा लालभडक दिसतस!"

साडू तिच्याकडे नुसते बघत राहिले. किती महिने ती अशी त्यांच्यासाठी बघत होती, कोण जाणे. साडू सावकाश तिच्या पायाशी पायरीवर बसले.

"हां," ते म्हणाले. "लालभडक शेतस."

तिने चाचपत हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. ऊन चढेपर्यंत दोघं त्या पांढऱ्या वाफ्याकडे बघत बसली. नळापाशीच्या लाल फुलांकडे त्या दिवशी कुणी फिरकलंच नाही.