बटण आणि यांचं खाकरणं

आमच्या यांना दाराशी आलं की खाकरायची सवय. हाक नाही, कडी वाजवणं नाही. दोनदा खाकरायचं, जरा थांबायचं आणि मग आत यायचं. नवीन लग्न झालेलं, मला वाटलं माणसाला सर्दी आहे. महिनाभर वाफारे दिले बिचाऱ्याला. मग एक दिवस कळलं, सर्दीबिर्दी काही नाही, ही घोड्यांची रीत आहे. ठाणात शिरताना जनावर दचकू नये, कोण येतंय ते त्याला आधी कळावं, म्हणून खाकरायचं.

"अहो, पण मी काय घोडी आहे का?" मी विचारलं.

"नाही," म्हणाले, "पण दचकतेस तूही."

आता यावर भांडणार तरी काय, सांगा! तरी मी भांडलेच. चाळीस वर्षं त्या खाकरण्यावरून कानीकपाळी ओरडले. पाहुण्यांसमोर खाकरू नका, पहाटे खाकरू नका. यांनी मान डोलवावी आणि पुढच्या खेपेला दाराशी पुन्हा खाकरावं.

हे शर्यतीच्या घोड्यांच्या स्टड फार्मवर होते. शर्यत बघायला हजारो माणसं जातात, पण त्या घोड्याला जन्माला येताना बघणारे चार-पाचजणच असतात. त्यातले हे. एकोणिसाव्या वर्षी पेंढा उचलायला लागले आणि पुढं व्यायला आलेल्या घोड्यांच्या तबेल्याचे मुख्य मोतद्दार झाले. घोडीच्या सडांवर मेणासारखा थेंब धरला की हे सांगायचे, आज नाही तर उद्या. डॉक्टर काहीही म्हणोत, यांचंच खरं व्हायचं. माणसांशी बोलायची वेळ आली की मात्र बोबडी वळायची. मुलीच्या शाळेत बाईंसमोर उभे राहिले तेही टोपी हातात धरून, जसं काही नापास हेच झालेत.

आमची खोली तबेल्याच्या अगदी पाठीला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर कोपऱ्यातल्या ठाणाची भिंत, आणि त्याच्या दाराची वरची फळी उघडी असली की आतलं सगळं दिसायचं. मुलगी लग्न होऊन शहरात गेली, तेव्हापासून ती खिडकी हाच माझा टीव्ही.

तिथेच बटण जन्मली. तिची आई वितानाच रक्तस्रावानं गेली. एकीकडे शिंगरू चार काटक्यांवर उभं राहायला धडपडतंय आणि दुसरीकडे आई आडवी. कपाळावर शर्टाच्या बटणाएवढा पांढरा ठिपका होता, म्हणून हे बटण म्हणाले. कागदावर पुढं तिला मोठं भारदस्त नाव मिळालं, पण ते आमच्या तोंडात कधी बसलं नाही.

दुसरी दूधवाली घोडी मिळेपर्यंत सहा दिवस गेले. ते सहा दिवस दर दोन तासांनी माझ्या शेगडीवर दूध कोमट व्हायचं. मी मनगटावर थेंब टाकून बघायचे, हे बादली घेऊन पळायचे. दाराशी दोनदा खाकरले की ती आतून धडपडत उठायची. तिसऱ्या दिवसापासून तर खाकरल्याबरोबर ओठ चाटायला लागली. स्वतःची मुलगी तान्ही असताना हा माणूस दोन मिनिटं तिला घ्यायला घाबरायचा, पडेल म्हणून. आणि इथं त्या लांबटांगीचं डोकं मांडीवर घेऊन पेंढ्यात बसलेला! खोटं कशाला बोलू, मला राग आला होता.

सातव्या दिवशी गाडी ओढणारी एक दांडगी तपकिरी घोडी आणली. तिचं शिंगरू मेलेलं जन्मलं होतं. तिच्या नाकपुड्यांना चांगला उग्र बाम चोळला, म्हणजे परक्या पिल्लाचा वास येत नाही, आणि बटणला तिच्या कासेशी लावलं. घोडीनं घेतलं तिला. आता एकच नियम उरला. आमच्या फार्मवर तो सगळ्यांना पाठ असतो: ज्याच्या हातचं दूध पिल्लू प्यायलं, त्यानं पुढचे चौदा दिवस तिकडे फिरकायचं नाही. दिसायचं नाही, आवाज द्यायचा नाही. नाहीतर पिल्लू घोडीला आई मानत नाही, ते माणसालाच धरून बसतं. नव्या लोकांना हा नियम हेच शिकवायचे.

यांना पार टोकाच्या तबेल्यात काम दिलं. घरी यायचं तर कुरणाला वळसा घालून. सहा दिवस घातला वळसा. सातव्या दिवशी मी भांडी घासत होते, तर हे जवळच्या वाटेनं येताना दिसले. त्या ठाणाच्या भिंतीशी थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि दोनदा खाकरले.

आत बटण पीत होती. तिनं सड सोडला. तोंडातून दूध ठिबकतंय, तशीच आली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. भिंतीच्या अलीकडे हे, हात भिंतीवर टेकलेला. मी खिडकीत. मी, जी ऊठसूट ओरडत असते, तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मला हसू आलं. यांनी माझ्याकडे बघितलं, मी हातातली वाटी घासत राहिले. त्यानंतर ते रोज तिथं थांबायला लागले. आम्ही दोघांनीही कोणाला सांगितलं नाही.

बटण वाढली, देखणी झाली, पण बाकीची पोरं कुरणात झुंडीनं उधळायची तेव्हा ही फाटकाशी कान टवकारून उभी. दीड वर्षाची झाल्यावर लिलावात गेली. यांनीच तिला रिंगणात फिरवलं. लोक खूश, काय माणसाळलेली आहे म्हणून! विकली गेली तेव्हा दोरी दुसऱ्याच्या हातात देऊन हे मागच्या दारानं निघून आले. घरी येऊन टोपी तोंडावर ओढून पडून राहिले. मी विचारलं, रडताय का? तर म्हणे, पेंढ्याची धूळ गेली डोळ्यात. लिलावाच्या मांडवात कुठला आलाय पेंढा!

तिची पहिली शर्यत आम्ही मॅनेजरच्या खोलीतल्या टीव्हीवर बघितली. काय सुटली होती! शेवटच्या वळणावर सगळ्यांच्या पुढं. मी तर खुर्चीवरून उठले. आणि मग सरळ धावपट्टी आली, कठड्याला रेलून उभी असलेली माणसं आली, आणि बटणचे कान वळले. ती हळूहळू कठड्याकडे सरकायला लागली. जॉकी लगाम खेचतोय आणि ही माणसांकडे बघत चाललीय. चौथी आली.

"डोकं नाही हिला," मॅनेजर म्हणाला.

घरी येताना हे निम्म्या वाटेत थांबले. "ती मला शोधत होती गं."

"हो, तुम्हीच एक राहिलात जगात!" मी फटकारलं. पण मीही तेच बघितलं होतं. पुढच्या सगळ्या शर्यतींत तिनं तेच केलं, आणि शेवटी शर्यती बंद करून तिला पैदाशीला लावल्याचं कानावर आलं. कुठं ते कळलं नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. फाटकात घोड्यांची गाडी आली की यांचा चहा अर्धा राहायचा. जाऊन बघून यायचे आणि तोच गार चहा प्यायचे. चार वर्षं मी ते गार चहाचे कप विसळले. निवृत्तीची तारीख ठरली, मुलीनं तिच्या घरी आमच्यासाठी खोली रंगवून ठेवली. हे म्हणाले, "एकदा दिसली असती म्हणजे झालं असतं." एरवी या माणसानं कधी काही मागितलं नव्हतं.

आणि शेवटच्या महिन्यात ती आली. आमच्या मालकानं तिला गाभण असताना विकत घेतलं, तिचं घराणं चांगलं म्हणून. गाडीची फळी खाली पडली. आत अंधार. हे फळीच्या टोकाशी उभे राहिले आणि दोनदा खाकरले. आतून आधी खूर आपटल्याचा आवाज आला, मग ती जवळजवळ पडतच खाली आली आणि डोकं यांच्या छातीवर टेकवून उभी राहिली. मी साबणाच्या हातांनी धावत गेले होते. तिथं आणखी चार माणसं होती, पण मी खुशाल रडले.

बारा दिवस आमच्या घरात सण असल्यासारखं वातावरण होतं. हे मला म्हणाले, आज जेवण छान झालंय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तेराव्या दिवशी सकाळी ती व्यायली. ठणठणीत शिंगरू, नर. अर्ध्या तासात उभं राहिलं आणि कास शोधायला लागलं. बटणनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं दुसऱ्याचं कुणाचं तरी सामान आपल्या दारात ठेवलंय. ते जवळ गेलं, तिनं लाथ झाडली. पुन्हा गेलं, पुन्हा लाथ. घोडी व्यायली की पिल्लासाठी म्हणून घशातल्या घशात एक हळू आवाज काढते, एरवी कधीच काढत नाही. तो आवाज तिनं काढला. पण तोंड यांच्याकडे करून.

यांचा चेहरा पांढराफटक पडला.

डॉक्टरीणबाई वयानं लहान पण हुशार. त्यांनी विचारलं, "काका, ही अशी का वागते? हिला तर दूधआई मिळाली होती ना?"

"मिळाली होती," हे म्हणाले. "मीच टिकू दिली नाही. सातव्या दिवशी भिंतीशी येऊन खाकरलो होतो. मग रोजच."

"मलाही माहीत होतं," मी दारातून म्हणाले. एकट्यानं का बोलणी खावीत त्यांनी!

बाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "तुम्ही इथं आहात तोवर ही या पिल्लाची आई होणार नाही, काका."

"माहितीये. चौदा दिवस."

"तुमचे किती राहिलेत इथले?"

"नऊ."

यांनी बटणच्या मानेवर हात ठेवला, काढला, टोपी उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. ती त्या दाराकडे बघून ओरडत राहिली. आमच्या खोलीत सगळं ऐकू येत होतं. हे कॉटवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते, सुटलेल्या नाड्या पुन्हा बांधत होते.

ते नऊ दिवस स्वयंपाकघराची खिडकी बंद. हे घरात कुजबुजल्यासारखे बोलायचे. दारातून येतानाही आवाज नाही. एकदा मी वळले तर मागे उभे, माझ्या हातातून कप पडून फुटला. मी रोज तबेल्यात जायचे आणि बातमी आणायचे. पहिल्या दिवशी दोघांनी तिला धरून पिल्लाला पाजलं. तिसऱ्या दिवशी नुसती दोरी पुरली. पाचव्या दिवशी पिल्लू निजलं तर ती त्याच्यावर उभी राहिली. हे प्रत्येक वेळी एकच विचारायचे, "कान कसे होते?" मी म्हणायचे, पुढं होते हो, पुढं. सहाव्या दिवशी मागे होते, दाराकडे. ते मी सांगितलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी सामानाचा टेम्पो फाटकाशी लागला. डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "ती कुरणात आहे, काका. वारा तिकडून इकडे येतोय, तुमचा वास तिला जायचा नाही. झुडपांच्या कुंपणामागून बघून घ्या."

आम्ही दोघं झुडपांमागं उभे राहिलो. बटण उन्हात उभी होती, डोळे अर्धे मिटून. पिल्लू पीत होतं, शेपटीचा झाडू हलवत होतं. यांच्या घशाशी खाकरणं आलं. चाळीस वर्षांचा संसार आहे, मला तो घसा कळतो. आत अडकलेलं बाहेर यायला बघत होतं आणि हे गळ्याशी मूठ दाबून धरत होते.

"खाकरा," मी म्हणाले. "एकदाच. मी सांगतेय म्हणून खाकरा हो."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण घशातून ब्र काढला नाही.

बटणनं एकदम मान वर केली. कुंपणाकडे बघितलं. तेवढ्यात पिल्लानं कासेला ढुशी दिली, ती वळली, त्याच्या पाठीला नाक लावलं आणि तो आवाज काढला. तो घशातला, हळू. यावेळी तोंड पिल्लाकडे होतं.

"ऐकलंस?" हे ओठांनीच म्हणाले आणि फाटकाकडे चालायला लागले. मागे वळून बघितलं ते मी.

आता आम्ही मुलीकडे राहतो. तिसरा मजला आहे, दाराला बेल आहे. हे संध्याकाळी फिरायला जातात आणि परत आले की बेल वाजवतात. मी विचारलं, खाकरत का नाही हो आता? तर म्हणाले, "सुटली सवय." नऊ दिवसांत सुटली म्हणे. माझ्या ओरडण्यानं चाळीस वर्षांत सुटली नव्हती.

मला त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यातच कळतो. मी दाराच्या आतल्या बाजूला येऊन उभी राहते आणि कान देऊन ऐकते. मग बेल वाजते आणि मी दार उघडते.