बंद टीव्हीतली बाई

आमच्या ताईनं टीव्ही घेतला तो बंद करून बघून. खोटं नाही सांगत, मी शेजारीच उभा होतो आणि लाजेनं अर्धा झालो होतो.

ताई शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. बाटलीवर लेबल असलं तरी बूच काढून हुंगणार, मगच मानणार. लग्न केलं नाही, आई तिच्याकडेच. गेलं वर्षभर आईचं डोकं ठिकाणावर नाही. ताई कामावर असली की आई गाण्यांचा कार्यक्रम बघत खुर्चीत बसून राहायची, त्यावरच ताईची नोकरी आणि आईचं घरी राहणं, दोन्ही चाललं होतं. पण वीज गेली, की जुन्या प्लाझ्मा टीव्हीच्या काळ्या काचेत एक म्हातारी येऊन बसायची. आईचंच प्रतिबिंब ते, पण तिला पटवणार कोण? "ही बया माझ्या घरात कशाला आली?" म्हणून घर डोक्यावर घ्यायची. कापड टाकलं तर ओढून काढायची, म्हणे मागे लपलीय. शेवटी तांब्या फेकून मारला. काच फुटली, हात कापला. मी म्हटलं, "ताई, आता पुरे. वृद्धाश्रमाचा नंबर आहे माझ्याकडे." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात गेली. सेल्समन ओएलईडीचं कौतुक करून दमला. "काळा म्हणजे काळाकुट्ट, मॅडम." ताई म्हणाली, "बंद करा." क्यूएलईडी दाखवला. "तोही बंद करा." समोर खुर्ची ओढून, आईएवढं वाकून बसून, ती एकेका पडद्यात स्वतःचं तोंड शोधत होती. सगळीकडे सापडलं. कोपऱ्यातल्या एका साध्या एलईडीत मात्र काहीच दिसेना, पडदा पाटीसारखा निस्तेज.

"हा कोणी नेत नाही," सेल्समन म्हणाला. "काळा रंग राखाडी दिसतो."

"मला त्यात माणूस दिसायला नकोय," ताई म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. बिचाऱ्यानं पावती फाडली.

चार दिवस घर शांत. वीज जाऊन टीव्ही बंद झाला तरी आई नुसती बसून असायची. ताईचा जीव भांड्यात पडला. पाचव्या दिवशी शेजारणीचा शाळेत फोन आला: दार सताड उघडं, आई घरात नाही.

ताईनं मला बोलावून घेतलं. आम्ही गल्ल्यान् गल्ल्या पालथ्या घातल्या. औषधाच्या दुकानापाशी सापडली, अनवाणी. काचेला हात लावून बोलत होती, "चल गं घरी. रागाच्या भरात बोलले मी. तू गेलीस आणि घर खायला उठतं बघ."

ताईनं स्वतःच्या चपला काढून आईच्या पायात घातल्या, तिला समजावत घरी आणलं. मग माझ्याकडे तो नंबर मागितला. मीच सुचवलेला, पण चिठ्ठी देताना माझा हात पुढे होईना.

जागा आहे का, डॉक्टर कधी येतात, सगळं तिनं फोनवर नीट विचारून घेतलं. ठेवता ठेवता थांबली.

"हॉलमधला टीव्ही कसला आहे हो तुमचा? चकचकीत काचेचा? बरं झालं. दुपारी थोडा वेळ तो बंद ठेवत जाल का?"