साहेबाची धूप

आंजीजवळच्या तलावात चैत्र सरता सरता गुडघाभर पाणी उरलं, तेव्हा केशवराव नावाचे ओव्हरसियर पुण्याकडून येऊन उघड्या पडलेल्या तळात मजुरांकडून खड्डे खोदून घेऊ लागले. किती गाळ साचला ते त्यांना मोजायचं होतं. नत्थूजी पाळीवर उकिडवा बसून पाहत होता. मोजणी म्हटली की जमीन जाते, एवढंच त्याला ठाऊक. तलावाच्या वरच्या उतारावर पूर्वी गुरं चरत. ते बरड मोडून त्याने कपाशी लावली होती, आणि तेवढंच त्याचं वावर होतं.

केशवरावांनी खड्ड्यातून भलंमोठं ढेकूळ वर काढलं. खाली काळी माती, वर वीतभर तांबडी.

"ही तांबडी कुठली हो?"

"मले काय मालूम?" नत्थूजी म्हणाला. तांबडी माती होती फक्त त्याच्याच बरडात.

साहेबांनी उताराकडे पाहिलं. "तुमच्या शेताची धूप फार होते आहे."

वर्धा नुकतीच मुंबई राज्यात गेली होती. त्याआधीचे साहेब हिंदी बोलत. त्यामुळे साहेबाच्या तोंडची धूप म्हणजे नत्थूजीच्या लेखी ऊन.

"धूप तं साऱ्याइच्याच वावरात पडते, साहेब. माह्याच काऊन?"

"चेष्टा नको. धूप थांबवा, नाहीतर शेत हातचं जाईल."

नत्थूजी घरी आला तो फणफणतच. "सूर्य झाका म्हन्ते! नाई झाकला तं वावर घेऊन टाकन. बहाना पायजे त्याले."

"मंग घाला मांडव वावरभर," आनंदाबाई म्हणाली. पण भाकर थापता थापता तिचाही हात थांबला. सकाळी ती नवऱ्यामागोमाग तलावावर गेली अन् सरळ विचारती झाली, "उनाले कोन थांबवते जी, साहेब?"

केशवराव आधी गोंधळले, मग पोट धरून हसले. "ऊन नव्हे हो बाई! धूप म्हणजे माती वाहून जाणं. हे उताराला उभा नांगर घालतात, मग पावसात माती तलावात येते. आडवं नांगरा, बांध घाला."

नत्थूजी हसला नाही. साहेब एवढं गोड बोलतो, म्हणजे कबुली काढतो आहे. पण उतारावर मुरूम उघडा पडू लागला होता, हे तो बायकोपाशीही बोलला नव्हता. तो खड्ड्यातल्या तांबड्या थराकडे बघत राहिला.

"हे माती माही होय म्हन्ता?"

"तुमचीच."

"चार लोकाइसमोर म्हना."

केशवरावांनी मजुरांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"मंग वापस द्या."

साहेब नाही म्हणेनात. त्याच दुपारी नत्थूजीने बंडी जुंपली. शेजारचा रूपराव टोपलं घेऊन आला, तर हा अंगावर धावला, "काळी ने लागन तेवढी! तांबडीले हात नोको लावू. ते वावर होय माहं!"