रिकामा रकाना

बातमी आली तेव्हा मी शनिवारची यादी करत होते. एक, सहावीच्या वह्या. दोन, गॅसचा नंबर लावणे. तीन, आईची औषधं. चार, मॅडमना फोन. एवढ्यात आमच्या बी.एड.च्या ग्रुपवर राकेशचा मेसेज आला, "निमकर मॅडम नहीं रहीं. सुबह पाँच बजे." मी पेन खाली ठेवलं नाही. पाच लिहिलं, सहा लिहिलं... आणि मग लक्षात आलं की त्या आकड्यांपुढे मी काहीच लिहिलेलं नाही. माझ्या यादीत असं कधी होत नाही. आता सात आठवडे झालेत, तेव्हा नीट क्रमाने सांगते.

पंचवीसएक वर्षांपूर्वी इंदूरच्या एका बी.एड. कॉलेजात निमकर मॅडम आम्हाला इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवत. आठवड्याला चार तास साहित्याचे. कवितेचा काळ, कवीचं आयुष्य, सारांश, असं सगळं त्या पिवळ्या पडलेल्या कागदांवरून सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. आम्हाला हवं होतं वेगळंच. बी.एड. उरकायचं, पलासियातल्या एखाद्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात चिकटायचं, बस. राकेश मागच्या बाकावरून म्हणायचा, "भिया, अपने को बोलना सिखाना है, पोएम का क्या अचार डालेंगे?" सगळा वर्ग हसायचा. मी नुसती हसले नाही, मी तक्रारीची यादी केली. दहा मुद्दे, सगळ्यांना वाचता यावेत म्हणून हिंदीत. उजवीकडे पट्टीने रेघ मारून उत्तरासाठी एक रकाना मोकळा सोडला. सहावा मुद्दा असा होता : "साहित्य पढ़ने से अंग्रेज़ी के शिक्षक को कुछ भी नहीं मिलता." खाली नाव कोणाचंच नाही, फक्त 'समस्त छात्र'. कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला, आणि पंधरवड्याच्या आत मॅडमचे चार तासांचे दोन तास झाले.

मी जिंकले होते. पण नव्या वेळापत्रकासमोर उभ्या राहून मॅडम आपल्या डायरीत दोन तास खोडताना दिसल्या, तेव्हा मी जिन्याने न जाता मागच्या दाराने गेले. पुढच्या तासाला त्या आल्या त्या कागदांशिवाय. म्हणाल्या, "आजपासून लेसन प्लॅनमध्ये उजवीकडे एक रकाना जास्तीचा आखायचा. शीर्षक नाही. पाठाआधी त्यात कोणी काही लिहायचं नाही." मी हात वर केला. "मॅडम, रिकामा रकाना दिसला तर तपासणीत मार्क जातील." त्या म्हणाल्या, "जाऊ देत."

माझा सराव पाठ हातोदच्या शाळेत होता, आठवीवर. कविता साधी होती : बाप समुद्रावर गेलेला, परत आलेला नाही, आणि आई रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढते. सात प्रश्न काढले होते, प्रत्येकाचं उत्तर कवितेच्या ओळीतच सापडेल असे. छान चाललं होतं. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली. "मैडम, थाली रोज लगती है, तो खाना कौन खाता है?" वर्ग खिदळला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "ये परीक्षा में नहीं आएगा. बैठो." ती बसली. पाठ बरोबर चाळीसाव्या मिनिटाला संपला.

परतीच्या बसमध्ये मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझी फाइल घेतली, आणि त्या रिकाम्या रकान्यात पेन्सिलीने त्या मुलीचा प्रश्न लिहिला. "मंजिरी, पाठ वेळेत झाला. आता सांग, खातं कोण?"

"मॅडम, कवितेत दिलेलं नाही."

"ते मलाही माहितीये गं."

मागच्या सीटवरून राकेश म्हणाला, "गाय को डालते होंगे, मॅडमजी." कोणी म्हणालं शेजारीण, कोणी म्हणालं धाकटी पोरगी चोरून. सगळी बस भांडायला लागली. वर्षभरात साहित्यावर आमचं पहिल्यांदाच भांडण होत होतं. आणि मग राकेशच हळू आवाजात बोलला, "हमारे यहाँ तो मम्मी खुद खाती थी... हम लोग स्कूल चले जाएँ, उसके बाद." त्याचे वडील नाहीत, हे आम्हाला तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्षभर एका वर्गात होतो आम्ही.

त्यानंतर मी जिथे जिथे शिकवलं तिथे तो रकाना आखला. आता शाळेत नव्याने येणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करायचं काम माझ्याकडे आहे, त्यांनाही आखायला लावते. मात्र माझ्या स्वतःच्या एका वहीत 'मॅडमना सांगणे' हे काम वर्षानुवर्षं एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकत राहिलं. अखेर दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्यांच्या घरी गेले आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं, "मॅडम, ती तक्रार मी लिहिली होती."

त्या उठल्या, कपाटातून एक कागद काढला. माझाच. "दहा मुद्दे, क्रमवार, उजवीकडे पट्टीने मारलेली रेघ. अख्ख्या बॅचमध्ये असं दुसरं कोण लिहिणार होतं? प्राचार्यांनी हा हातात दिला त्याच दिवशी मला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? नऊ मुद्दे बरोबर होते. मी तुम्हाला कविता देतच नव्हते, कवितेबद्दलची माहिती देत होते. सहाव्यातलं 'कुछ भी' तेवढं खोड, बाकी राहू दे." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "उत्तरासाठी तू रकाना सोडला होतास ना... मी तीन दिवस तो कागद घेऊन बसले होते. एकाचंही उत्तर लिहिता येईना. तेव्हा सुचलं, की हा रकाना पोरांनाच द्यावा."

इतकी वर्षं जो रकाना मी त्यांचा म्हणून आखत आले, तो माझ्याच चहाडीतून त्यांनी उचलला होता. मी कागद मागितला. "तो नाही मिळायचा," त्या म्हणाल्या, "मला आलेलं पत्र आहे ते."

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता मी त्यांना फोन करायचे आणि त्या आठवड्यात रकान्यात आलेला एखादा प्रश्न सांगायचे. त्या खूप हसायच्या, कधी दोन दिवसांनी स्वतः फोन करून म्हणायच्या, "अगं, त्या प्रश्नाचं मला असं वाटतं..." शेवटचा प्रश्न सांगायचा राहिला. सहावीतल्या एका मुलीचा. "मैडम, कवि की कॉपी कौन चेक करता है?"

शनिवारच्या यादीत चौथं काम मी अजून लिहिते, 'मॅडमना फोन'. पहिल्या शनिवारी सवयीने लिहिलं गेलं, नंतर मुद्दाम. चार वाजले की नव्या शिक्षकांना बोलावते आणि आठवड्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवते. गेल्या शनिवारी सहावीतल्या मुलीचा ठेवला. सगळे पाऊण तास भांडले. त्यातली एक तर जाताना दारातून परत वळली, "मॅडम, मला असं वाटतं..."

घरी येऊन चौथ्या कामापुढे बरोबरची खूण केली. ताट रोज वाढलं जातं तेव्हा जेवतं कोण, त्या हातोदच्या मुलीला सांगण्यासारखं आता माझ्याकडे काहीतरी आहे.