बाई घरी येत तेव्हा

मी मराठी पाचवीत असताना, आषाढात, माझा धाकटा भाऊ गेला. बारसं होऊन फार दिवस झाले नव्हते. ताप आला, डोळे फिरवले आणि संपलं. वडील मुंबईला एका पेढीवर कारकून. पावसाळ्यात बोटी बंद, आणि घाटावरून फिरून यायला रजा लागे, ती त्यांना मिळाली नाही. आजोळ गुहागरला होतं, पण मधल्या खाडीवरची होडीही बंद होती. शेजारच्या काकांनी बाळाला पंच्यात गुंडाळून नेलं, आणि ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात नुसता ओला पंचा होता.

रत्नागिरीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. त्यांत आता आई आणि मी एवढ्याच उरलो. आई मागच्या खोलीत खिडकीशी बसून राही. वेणी घालीत नसे, बोलत नसे. दूध येऊन तिची चोळी भिजे आणि ती भिजलेलीच अंगावर वाळे. मला पेज तेवढी करता येत होती. मी ती मीठ घालून तिच्यापुढे ठेवी आणि शाळेत जाई. संध्याकाळी येऊन पाही तर पेजेवर साय धरलेली असे.

शेजारच्या काकू जीव लावणाऱ्या होत्या. कधी आमटी, कधी फणसाची भाजी आणून देत. पण त्यांची खात्री होती की हे बाहेरचं आहे.

"अगो, कुणीतरी धरलंन हिला," त्या मला म्हणत. "देवळात गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुटायची नाही."

काकूंचं म्हणणं आळीभर झालं आणि आळीतून शाळेत पोचलं. मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी डबा उघडणारी मुलगी एक दिवस उठून दुसरीकडे बसली. मी तिच्याकडे पाहिलं, तर म्हणाली, "आई म्हणालीय, तुझ्याजवळ बसायचं नाही." ती रागानं नाही बोलली. सांगितलेलं सांगितलं. त्यानंतर मी शाळेच्या मागच्या पायरीवर बसू लागले. तिथून कुंपणाचा चिऱ्याचा गडगा दिसे आणि त्यावर वाढलेलं शेवाळ. हळूहळू माझा आवाजच जायला लागला. हजेरीत नाव आलं की "हजर" म्हणायला तोंड उघडी, पण शब्द बाहेर येत नसे. गैरहजेरी लागे आणि मी बाकावर बसलेली असे.

आमच्या वर्गाच्या बाई देशावरच्या होत्या. विधवा, पुण्याला शिकलेल्या, एकट्या राहात. त्यांचं बोलणं आम्हाला ठसक्याचं वाटे आणि मुली त्यांची नक्कल करीत. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"घरी काय झालं ते मला कळलंय," त्या म्हणाल्या. "तू कशी आहेस?"

"आई जेवत नाही," मी म्हटलं.

"आईचं मग विचारीन. तू कशी आहेस, ते सांग."

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी दप्तराचा बंद बोटाला गुंडाळीत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. "शनिवारी दुपारी तुमच्याकडे येते," एवढंच म्हणाल्या.

त्या आल्या तेव्हा काकू आमच्याकडेच होत्या. त्यांनी बाईंनाही गाऱ्हाण्याचं सांगितलं. मला वाटलं, बाई आता रागावतील.

"घाला ना गाऱ्हाणं," बाई म्हणाल्या. "देव ऐकेल. पण दुपारची तिला एकटी ठेवू नका. तुमचं निवडण-टिपण इथे घेऊन या." काकूंना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या सूप घेऊन येऊ लागल्या.

बाई दर शनिवारी येत. आईला काही विचारीत नसत, समजावीत नसत. जवळ बसत आणि माझी वेणी घालीत. अशीच एक दुपार होती. मी चुलीपाशी लाकडं सारीत होते. ती ओली होती, खोलीत धूर झाला होता. बाई सहज बोलाव्यात तशा आईला म्हणाल्या, "मलाही एक मुलगा होता. सव्वा महिन्याचा गेला."

आईनं मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला, घोगरा, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"नाव काय ठेवलं होतंत?"

"ठेवायचं राहिलं."

"आमचं बारसं झालं होतं," आई म्हणाली आणि रडायला लागली. ती मोठ्यानं रडली. काकू धावत आल्या, तर बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

त्या दिवशी मी बाईंना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे मी न विचारताच बोलले. "शाळेतून घरी येताना मला भीती वाटते. आई असेल का, अशी."

"रोज वाटते?"

"रोज."

घाबरू नकोस, असं त्या म्हणाल्या नाहीत. "मग सोमवारपासून इथपर्यंत मी तुझ्याबरोबर येत जाईन," म्हणाल्या, आणि येत गेल्या. वाटेत फारसं बोलणं होत नसे. आमच्या दारात आई दिसली की त्या मागे वळत.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि वडील गणपतीला आले. बाई त्यांच्याशी बोलायला आल्या, तर ते संकोचून उभेच राहिले. "ह्या दोघींना तिकडे घेऊन जायचं पाहा," बाई म्हणाल्या. वडील "बघतो" म्हणाले. बाळाचं नाव त्यांनी घरात एकदाही काढलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू शहाणी आहेस." मग परत गेले. पुढल्या वर्षी त्यांनी खरंच मुंबईला खोली घेतली. पण ते पुढचं.

दिवाळीनंतर बाईंची बदली झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा आईनं केस विंचरले होते, ठेवणीतलं लुगडं नेसली होती. तिनं बाईंना पाटावर बसवलं आणि नारळ, तांदूळ घेऊन पुढे झाली. विधवेची ओटी कोणी भरीत नसे. बाई मागे सरकल्या, "अहो, मला नका," म्हणाल्या. आईनं ऐकलं नाही, त्यांच्या पदरात ओटी घातली. काकू दारात उभ्या होत्या. त्या अंगणाकडे पाहात राहिल्या. बाईंनी दोन्ही हातांनी पदर धरून ठेवला होता. तो कसा सांभाळायचा, हे त्यांना आठवत नसावं.

नंतर वर्गातल्या मुली पुन्हा माझ्याजवळ बसू लागल्या. मीही बसू दिलं. शनिवारी दुपारी घरात आई आणि मी. आई आता थोडं बोले, भाजी चिरता चिरता आजोळच्या गोष्टी सांगे. मी हुंकार देई, पण माझे कान दाराकडे असत.