दालेंदा मावशीची लाल गोळी

स्फाक्स शहराच्या बंदरामागे विद्यापीठाची एक पिवळट इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर दालेंदानं सव्वीस वर्षं उंदीर सांभाळले. तिच्याबद्दल आमच्या मोहल्ल्यात बरंच बोललं जाई. त्यातलं निम्मं खोटं असे आणि उरलेलं निम्मं तिनंच पसरवलेलं. उंदरांना ती शेजाऱ्यांची नावं देते, हे मात्र शंभर टक्के खरं. वहीत त्यांना नुसते आकडे असत, नावं तिच्या डोक्यात. जिच्याशी भांडण होई, तिच्या नावाची एखादी उंदरीण त्या आठवड्यात हमखास निघे. सगळ्यात लठ्ठ, फाटक्या कानाचा आणि दुसऱ्याच्या वाट्याचं ओढणारा जो होता, त्याचं नाव मोंजी. खरा मोंजी फाटकावर पहारा करी.

"लल्ला दालेंदा, माझा मोंजी आज काय खातोय?" तो रोज विचारी. बाईमाणसाला मानानं 'लल्ला' म्हणायची आमच्याकडे रीत.

"तुझ्यासारखंच. स्वतःचं आधी, मग शेजाऱ्याचं."

"निदान त्याला बायको तरी चांगली दे."

"तीसुद्धा तुझ्या बायकोसारखीच मिळालीय. पळून गेली."

अलीकडे हे सगळं चाले ते डॉक्टर हाजरच्या जिवावर. हाजर चौतिशीची, काटकुळी, फ्रान्समधली नोकरी सोडून परत आलेली. तिची आई अजून लग्नघरी तोंड लपवत फिरे. पोरीनं नवरा शोधायचा सोडून उंदीर शोधले, असं बायका तिला ऐकवत. त्या बायकांत दालेंदा पुढे असे. पण पोरगी तळमजल्यावर आली की तीच दालेंदा आपल्या डब्यातलं सरदिन मासळीचं कालवण निम्मं तिच्यापुढे सरकवी आणि ती खाईपर्यंत समोरून हलत नसे.

हाजरचं काम काय, हे दालेंदाला तिनं एकदा जेवतानाच सांगितलं होतं. जखम झाली की तिथं सूज येते, आग होते. लोकांना वाटतं, ती आग तेल संपलेल्या दिव्यासारखी आपोआप विझते. तसं नसतं. शरीर ती ठरवून विझवतं.

"लग्नघर असतं ना मावशी, तसं समज. आधी धावून येतात त्या पेशी म्हणजे आचारी. धूर, आरडाओरडा, सांडलवंड, सगळं त्यांचं. पण भांडी घासणाऱ्या बायकांना निरोप कोण धाडतं? तेच आचारी. मग त्या येतात, मेलेलं-सडलेलं उचलतात, आणि त्यांच्या मागून गवंडी येतो, नवी कातडी बांधायला. म्हाताऱ्या शरीरात हा निरोपच नीट पोचत नाही."

"आणि तुझं ते औषध म्हणजे निरोप्या."

"हो. मासळीच्या तेलातूनच काढलेला."

"मग मी तुला रोज कालवण खायला घालते, तरी तुझं डोकं थंड होत नाही, ते का?"

हे औषध म्हाताऱ्या उंदरांवर चालतं का, एवढंच आता पाहायचं होतं. त्यासाठी चाळीस उंदीर. उंदीर म्हातारा व्हायला दीड वर्ष लागतं, आणि ते दीड वर्ष दालेंदानं काढलं होतं: ईदच्या दिवशीसुद्धा येऊन पाणी बदलत, कोणाच्या डोळ्यात चिपडं आली तर पुसत. वीस पिंजऱ्यांत दोन-दोन. डाव्या रांगेला औषध, उजवीला साधं तेल. जखम केल्यापासून चौदाव्या दिवशी राजधानीहून पैसे मंजूर करणारी तीन माणसं येणार होती. तोवर डाव्या रांगेच्या जखमा उजवीपेक्षा लवकर मिटताना दिसल्या, तर काम पुढे चालणार. नाही तर तळमजल्याला कुलूप. दुसरी संधी नाही, हे त्यांच्या पत्रात लिहिलेलं होतं आणि हाजरनं ते पत्र दालेंदाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

पहिल्या दिवशी गुंगी देऊन प्रत्येकाच्या पाठीवर मसुराच्या दाण्याएवढी जखम केली. नियमाप्रमाणे दुखण्यावरचं एक इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाजर घरी गेल्यावर दालेंदानं मोंजीला पाहिलं. कुबड काढून, केस फुलवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलेला. शेजाऱ्याच्या वाट्याकडे पाहतसुद्धा नव्हता.

असं बसणं तिला ठाऊक होतं. गुडघे धरले की ती स्वतः अशीच बसे. तिच्या पिशवीत सूज उतरवणारी लाल गोळी कायम असे. आमच्या मोहल्ल्यात ती गोळी जिन्यावरून वर-खाली फिरते. कोणाची दाढ, कोणाची कंबर, कोणाचे पाळीचे दिवस. दार वाजतं, आणि एक गोळी जाते, बदल्यात वाटीभर हरिसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, येते. दुखतंय म्हणणाऱ्याला गोळी न देणं म्हणजे दारातून उपाशी परतवणं. दालेंदानं गोळ्या चमच्यानं चुरल्या आणि पाण्याच्या बाटल्यांत थोडी-थोडी पूड टाकली. डाव्या रांगेत टाकली, तशी उजवीतही. पंगतीत एका रांगेला वाढून दुसरीला नुसतं बघत बसवणं तिच्या हातून झालं नसतं.

सकाळी मोंजी ताठ बसून दाणे ओढत होता. तिला फार बरं वाटलं. मग रोज संध्याकाळी पूड.

सहाव्या दिवशी हाजरनं जखमा मोजल्या. सातव्या दिवशी पुन्हा मोजल्या. दोन्ही रांगांत जखमा ओल्या, फिकट, जशाच्या तशा. कडासुद्धा सरकल्या नव्हत्या. त्या रात्री तिची अक्कलदाढ ठणकायला लागली आणि आठव्या दिवशी ती दाढ उपटून घेऊन, गाल लिंबाएवढा करून कामावर आली.

दालेंदानं पिशवीतून गोळी काढली. "घे. तासाभरात गाल खाली येईल. नाहीतर मोंजी म्हणेल, मी तुला मारलं."

हाजरनं हात मागे घेतला. "नको मावशी. दुखू दे. जखमेचा निरोप अडवते ती हीच गोळी. सुरुवातीची सूज हिनं दाबली की आचाऱ्यांचा आवाजच बंद. मग भांडीवाल्यांना निरोप कोण धाडणार? माणसाला दोन दिवस घेतली तर फारसं बिघडत नाही. पण आपल्या उंदरांना चुकून दिली असती ना, तर सगळं अगदी असंच दिसलं असतं." तिनं पिंजऱ्यांकडे बोट दाखवलं. "पण दिली तर नाही. म्हणजे माझं औषधच खोटं."

लाल गोळी दालेंदाच्या तळहातावर होती. घामानं तिचा रंग उतरून हाताला लागला.

त्या दिवसापासून पूड बंद. दालेंदानं सगळ्या बाटल्या उकळून धुतल्या, दिवसातून तीनदा पाणी बदललं. दर्ग्यात मेणबत्त्या लावल्या; कोणासाठी, असं विचारणारीला तिनं 'चाळीस जणांसाठी' म्हणून सांगितलं. गुरुवारी हमामात न्हाताना तिनं एकाही बाईचं नाव घेतलं नाही. पाठी चोळता-चोळता बायका गप्प झाल्या. हिला काहीतरी मोठा आजार झालाय, असं ठरलं, आणि दोघी-तिघींनी घरी जाऊन तिच्यासाठी जवाचं सूप पाठवलं. तिनं ते तसंच ठेवलं.

सांगावं, तर सव्वीस वर्षांची चाकरी जाणार, पेन्शनला दोन वर्षं उरलेली. न सांगावं, तर पोरगी स्वतःच्या हातानं लिहिणार की माझं औषध खोटं. दालेंदा मनाशी रोज एक दिवस मागून घेई. दहावा. अकरावा. जखमा अजून तशाच. बाराव्या दिवशी हाजर टेबलाशी बसून तेच लिहीत होती. दालेंदा दारात उभी राहिली. बसायला गुडघे तयार नव्हते आणि तिला बसायचंही नव्हतं.

"पोरी, ते लिहू नकोस. मी दिली होती."

"काय दिली होती?"

"लाल गोळी. पाण्यातून. दुसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत."

हाजरनं पेन खाली ठेवलं. ती पिंजऱ्यांकडे वळली. मग तिनं विचारलं, "कुठल्या पिंजऱ्यांना?"

"सगळ्यांना."

"दोन्ही रांगांना?"

"भेदभाव मला जमत नाही, तुला माहीत आहे."

हाजर हसली. दालेंदानं तिला आधी तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहायला लागू नये, असं तिला वाटलं. "मावशी, प्रत्येक रांगेत निम्म्या पिंजऱ्यांना विसरली असतीस, तर त्या निम्म्यांवरून मी काहीतरी सांगू शकले असते. एवढी न्यायी कशाला झालीस?"

"मला शिव्या दे."

"शिव्यांनी उंदीर दीड वर्षाचे होत नाहीत." तिनं वही पुढे सरकवली. "तारखा लिही. किती गोळ्या, किती पाणी. तुझ्याच अक्षरात."

दालेंदानं लिहिलं. तिला लिहायला वेळ लागे. प्रत्येक ओळीखाली तिनं पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट.

चौदाव्या दिवशी राजधानीची तीन माणसं आली. त्यांनी वही वाचली. त्यातल्या एकानं विचारलं, पाण्याच्या बाटल्यांवर लक्ष ठेवायची जबाबदारी कोणाची. दालेंदानं तोंड उघडायच्या आत हाजर म्हणाली, "माझी." हाजरनं वेळ वाढवून मागितला तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली, अगदी सभ्यपणे. मोंजीनं आणलेला पुदिन्याचा चहा ते प्यायले आणि दुपारच्या गाडीनं गेले. दालेंदाला कामावरून काढण्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. कामच संपलं होतं, काढणार कशातून?

आणि त्यानंतर जखमा मिटायला लागल्या. सतराव्या दिवशी डाव्या रांगेत कडा गुलाबी झाल्या. उजवीत अजून ओलच होती. हाजर रोज येऊन मोजी. आता ते मोजणं कोणाच्याच कामाचं नव्हतं, गोळी मध्ये आल्यावर त्याला कोणी पुरावा मानणार नव्हतं, तरी मोजी. विसाव्या दिवशी डाव्या रांगेतल्या मोंजीच्या पाठीवर नुसती एक पांढरट रेघ उरली. हाजरनं ती मोजली, आकडा लिहिला आणि वहीवर डोकं टेकून रडली. दालेंदानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. आपल्या हाताचा तिला भरवसा उरला नव्हता.

एकविसाव्या दिवशी उंदीर मारायचे होते. तळमजला रिकामा करून द्यायचा होता, आणि कातडीचे तुकडे निदान सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर तरी राहणार होते. सव्वीस वर्षांत अशा दिवशी दालेंदा नेमानं बाहेर जाऊन बसे, मोंजीशी भांडण उकरून काढी आणि सगळं उरकल्यावर आत येई. त्या दिवशी ती उठली नाही.

"मावशी, तू जा बाहेर."

"नाही. मी धरते. माझ्या हातात ते शांत राहतात."

हाजरनं हातमोज्यांची एक जोडी तिच्याकडे दिली. दालेंदानं चाळीसही उंदीर एकेक करून धरले, प्रत्येकाला नावानं हाक मारून. पिंजऱ्यातले दाणे मोंजी शेवटपर्यंत ओढत होता. त्याला तिनं सगळ्यात शेवटी घेतलं.

संध्याकाळी फाटकातून जाताना खऱ्या मोंजीनं थट्टा केली नाही. त्यानं फक्त विचारलं, "माझं काय झालं, लल्ला?"

"तुझी जखम भरली होती," दालेंदा म्हणाली, आणि गुडघे सांभाळत रस्ता ओलांडून गेली.