मुद्देमालातला हत्तीचा पाय

मुलुंडला सहायक फौजदार असताना एका कुंडीच्या चोरीचा तपास माझ्याकडे होता. ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा मला हक्कही नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत. शिपाई म्हणून लागलो आणि तपासाच्या जोरावर वर चढलो. त्यामुळे कुणी मला शिकवायला आलं की खपत नसे.

मार्च महिना होता. एक निवृत्त शिक्षिका सकाळी फोटो घेऊन आल्या. कुंडीत नारळापेक्षा मोठी गाठ, तिच्यावर कासवाच्या पाठीसारख्या भेगा आणि वर एक नाजूक वेल. आमचा ठाणे अंमलदार म्हणाला, "बाई, सुरण गेला म्हणून गुन्हा दाखल करू?"

बाई हसल्या नाहीत. त्यांचे यजमान जहाजावर होते, त्यांनी दक्षिण आफ्रिकेतून बी आणलं होतं. "हत्तीचा पाय म्हणतात याला. एवढं व्हायला पंचवीस वर्षं लागली. माणूस गेला, हे राहिलंय." मी गुन्हा दाखल केला.

कुंडी सोसायटीच्या गच्चीवर असायची. सेक्रेटरी म्हणाले, माळ्याला गोणी नेताना पाहिलंय. माळी पन्नाशीचा, मालवणकडचा, त्या गल्लीतल्या चार सोसायट्यांचं काम करणारा. चौकशीला आणून दोन दिवस बाकड्यावर बसवला.

"गोणीत काय होतं?"

"माती, साहेब."

"माती कोण घरी नेतं रे?"

"मुंबईत माती पण इकत घेवची लागता, साहेबानू."

मला ते उत्तर उद्धट वाटलं. कानाखाली एक दिली. उत्तर खरं होतं, हे नंतर कळलं. तोवर चारही सोसायट्यांनी त्याला कामावरून काढलं होतं. फक्त बाई म्हणत होत्या, तो तसा नाही.

दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याकडून खबर लागली. त्याच गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुणारा एकजण कुंडी घेऊन घाटकोपरच्या एका नर्सरीत उतरला होता. पंच घेऊन झडती घेतली. शंभर कुंड्या पाहिल्या, पण तसली गाठ कुठेच नाही. हात हलवत परत आलो. आमचं बोलणं बाकड्यावरच्या माळ्याने ऐकलं.

"मातीत बोटां घाला साहेब. गाठ पुरून ठेवली असतली."

पुन्हा गेलो. मागच्या रांगेत एका खोल कुंडीत बारीकसा वेल होता. बोटं घातली तर खाली दगडासारखं टणक लागलं. उकरून काढली. गाठीच्या एका बाजूला खळगा होता. पूर्वी कधी कुजलेला भाग कापून तिथे गंधक लावल्याचं बाईंनी जबाबात सांगितलं होतं, त्यावरून ओळख पटली. नर्सरीवाला तिथेच बोलता झाला, टाकीवाल्याला अटक झाली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. माळ्याला मी "जा आता" एवढंच म्हणालो.

कोर्टाचा आदेश होईपर्यंत कुंडी मुद्देमाल म्हणून ठाण्यात राहिली. मे महिन्याची कोर्टाला सुट्टी लागली आणि इकडे वेलाची पानं पिवळी पडली. मुद्देमाल मेला तर जबाब मला द्यावा लागणार. मी एका शिपायाला रोज सकाळी पाणी घालायला लावलं.

एके दिवशी माळी आला. "साहेब, एकदा सोसायटीत येऊन सांगा, मी चोर नाही. तुमचा आयकतले."

"पोलीस दवंडी पिटत नाहीत. कागदावर तुझं नाव आहे का आरोपी म्हणून? मग झालं."

जाता जाता त्याचं कुंडीकडे लक्ष गेलं. वाकून त्याने माती चाचपली. "ह्येका पाणी घालू नका. उन्हाळ्यात ता निजता. थंडीत परत पाना येतत."

"माझ्या ठाण्यात मला शिकवतोस?" असं म्हणून मी त्याच्यासमोर शिपायाला सांगितलं, "ओत रे." शिपायाने तांब्या ओतला. माळी बघत उभा राहिला आणि निघून गेला.

जूनमध्ये कुंडी बाईंना परत द्यायचा आदेश आला. सुपुर्दनाम्यावर सही करायच्या आधी बाईंनी गाठीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. घाण वास सुटला.

"पाणी कुणी घातलं? माळ्याला विचारलं नाहीत?"

सगळा स्टाफ माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "विचारलं होतं. तो काही बोलला नाही."

बाईंनी अंगठा पदराला पुसला. म्हणाल्या, "माझी झाडं बघायला मी त्याला परत बोलावणार होते. एवढा राग धरला त्याने?" कुंडी तिथेच ठेवून गेल्या.

खोटा जबाब देणारा मी लांबून ओळखायचो. नजर कुठे जाते, हात काय करतात, यावरून कळतं. त्या दिवशी माझी नजर सरळ होती आणि हात टेबलावर स्थिर होते. सराईत आरोपीचे असतात तसे. या केसने मला काही शिकवलं असेल तर एवढंच, की आपण चुकलो हे कबूल करायला लागू नये म्हणून माणूस कुणाचाही बळी देतो, आणि मी त्यातलाच निघालो.

निवृत्त झाल्यावर बाईंकडे गेलो आणि खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? त्याला सांगा." माळी केव्हाच गावी गेला होता. जबाबात त्याचा मुंबईतला पत्ता घेतला होता, गावचा घेतला नव्हता.

खाली उतरून सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी नवे, वॉचमन नवा. मी उभ्या उभ्या सांगितलं, तुमच्या माळ्याने चोरी केली नव्हती.

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "कोण माळी?"